सात हजारांची पेटी



नाशिक जिल्ह्यातून एक पत्र आले आहे. वहीची दोन पाने, आणि अक्षर घरधनिणीचे. मजकूर थोडक्यात असा: थोरली मुलगी नववीत आहे. गळा गोड आहे. एकादशीच्या भजनात बायकांच्या मागे बसून गाते. शाळेतल्या बाई म्हणतात, हिला पेटी आणून द्या, कान तयार होईल. तालुक्याच्या दुकानात नवीकोरी पेटी सात हजारांना आहे. दुकानदार चांगली म्हणून जी दाखवतो ती वीस हजारांच्या पुढची. "यंदा कांद्याने हात दिला नाही. मालक म्हणतात, सातवालीच आणू, पोरीला काय मोठी गवई व्हायचंय? मला वाटतं, घ्यायची तर धड घ्यावी, नाहीतर घेऊच नये. रोज रात्री जेवताना हाच वाद. भाऊ, तुम्हीच काय ते सांगा."

ताई, माझे उत्तर दोघांनाही पुरते पटायचे नाही. सात हजारांत पेटी घेता येते. पण दुकानदाराने समोर मांडून ठेवली आहे, ती बहुधा घेण्यासारखी नाही. असे का म्हणतो ते सांगायला मला आमच्याच घरातली गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला मला फारसे बरे वाटत नाही.

१९८१ सालची गोष्ट. आमचा धाकटा भाऊ तेव्हा बारा वर्षांचा. गळा असा की देवळात काकड्याला त्याने आवाज लावला की म्हातारी माणसे माना डोलवायची. त्याने पेटीचा ध्यास घेतला. वडिलांनी दोन बोकड विकले आणि मला पैसे देऊन जिल्ह्याच्या गावाला पाठवले. मी वीस-एकवीस वर्षांचा. बैल घ्यायचा असता तर चार शहाणी माणसे बरोबर नेली असती, दात पाहिले असते, चालवून पाहिला असता, शेपटी पिरगाळून पाहिली असती. पेटी मात्र मी पॉलिश बघून घेतली. लालभडक रंग, कडेला पितळी पट्ट्या, पुढे सात खुंट्या. दुकानदाराने दोन बोटे फिरवून आरतीची चाल वाजवून दाखवली, मी पैसे मोजले. पाण्यात म्हैस आणि वर मोल, दुसरे काय!

भाऊ रोज कंदिलापुढे पेटी घेऊन बसायचा. तो काळी एकमध्ये गायचा. त्या पट्टीतला गंधार म्हणजे पांढरी चार. पावसाळा सरता सरता त्या पांढऱ्या चारचा सूर उतरला. फार नाही, काकणभर. घरात कुणाला कळण्याचे कारणच नव्हते. पेटी म्हणेल तो गंधार, असे पोराने धरले आणि गळा त्याच्यावर बसवला. कार्तिकात गावात सप्ताह बसला. बाहेरगावचे नावाजलेले बुवा आले, त्यांची पेटी त्यांच्याबरोबर. लोकांनी आग्रह करून भावाला अभंग म्हणायला बसवले. दुसऱ्या ओळीला बुवांनी पेटीवरची बोटे थांबवली आणि सगळ्या मंडपापुढे म्हणाले, "बाळ, तू आपला टाळ धर. तुझ्या कानात ग नाही." मंडपात हशा झाला. बुवा माणूस वाईट नव्हते. त्यांना जे ऐकू आले ते त्यांनी सांगितले.

त्या रात्रीनंतर भावाने पेटीचे झाकण उघडले नाही. दोन वर्षांनी ती विकावी म्हणून मी मिरजेला नेली. मिरजेची ख्याती सतार-तंबोऱ्यांची, पण पेटी दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर तिथे माहितीचे होते. त्यांनी पेटी उघडली, पांढऱ्या चारचा सूर काढून उजेडात धरला आणि म्हणाले, "मुळाशी घासून घासून कागद केलाय याचा. वाजेल तसा उतरत जाणारच." मी त्यांना भावाची हकिगत सांगितली. ते म्हणाले, "जो पोरगा चुकीचा ग इतका नेमका धरतो, त्याचा कान चांगलाच म्हणायचा." घरी येऊन मी भावाला ते सांगितले. तोवर तो ट्रॅक्टर शिकला होता. ऐकून "असू दे" म्हणाला. आजही घरात कुणी गायला लागले की तो काहीतरी निमित्त काढून गोठ्याकडे जातो.

म्हणून ताई, "पोरीला काय गवई व्हायचंय" हा मालकांचा मुद्दा मला मान्य नाही. तयार गवयाला खोटी पेटी तितकी बाधत नाही. सूर उतरला की त्याला तिथल्या तिथे कळते आणि तो पेटी बाजूला सारतो. शिकणाऱ्याला ते कळत नाही. त्याला पेटी हाच गुरू. पण तुमचेही सगळे बरोबर नाही. घेतली नाही तर पोरीला काहीच मिळणार नाही, आणि वीस हजारांची पेटी सच्चीच निघेल असेही नाही. वीस हजारांत कधी कधी नुसत्या खुंट्या वाढतात.

पेटीच्या पोटात काय असते ते एकदा समजून घ्या, म्हणजे पैसा कुठे जातो ते कळेल. मागचा भाता आपण हाताने हलवतो. त्याची हवा आतल्या दुसऱ्या भात्यात साठते. त्या आतल्या भात्याला स्प्रिंगा असतात, त्या हवेला सारखा दाब देतात. आपण पट्टी दाबली की तिच्याखालचे भोक उघडते आणि हवा एका पितळी जिभेवरून जाते. ती जीभ थरथरते, तोच सूर. जिभेचे एक टोक पितळी पट्टीला रिव्हेटने जखडलेले, दुसरे मोकळे. मोकळे टोक घासले की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी घासली की लवचीक होते आणि सूर उतरतो. कारागिराची सगळी करामत या घासण्यात. एका ओळीच्या तीन सप्तकी पेटीत अशा सदतीस जिभा, दोन ओळींच्या पेटीत त्याच्या दुप्पट. प्रत्येक जीभ हाताने घासून सुरात आणायची, काही दिवस ठेवायची, पुन्हा ऐकायची, पुन्हा घासायची. नवे पितळ वाजता वाजता बसते, तेव्हा सूर थोडा हलतोच. यात वेळ जातो, आणि कारागिराचा वेळ म्हणजे पैसा. स्वस्त पेटीत पहिली कात्री इथेच लागते. दुसरी लागते लाकडाला. जुने वाळलेले सागवान किंवा देवदार महाग, म्हणून प्लायवूड किंवा ओले लाकूड. पावसाळ्यात ते फुगते, पट्ट्या अडकतात. उन्हाळ्यात आटते, फटी पडतात, हवा पळते.

आणि कात्री कुठे लागत नाही? जे गिऱ्हाइकाला दिसते तिथे. रंग झकास असतो. खुंट्या भरपूर असतात. एक पट्टी दाबली की वरच्या किंवा खालच्या सप्तकाची पट्टीही आपोआप दबते, तो कपलरही असतो. पट्ट्या सरकवून स्वर बदलणारी स्केलचेंजर पेटीसुद्धा आता स्वस्तात मिळते म्हणतात. तिच्या वाटेला जाऊ नका. जितके जास्त सांधे तितकी हवा जायला जास्त वाटा, आणि ते दुरुस्त करणारा तुमच्या तालुक्यात असेलच असे नाही.

हेच उलटून सांगतो. तुमच्या सात-आठ हजारांतून कपलर, जादा खुंट्या, दोन ओळींतली एक ओळ असे सगळे वजा करा. राहते ती एका ओळीची साधी, ओबडधोबड पेटी. तिच्यात तेवढ्याच पैशात बरे सूर आणि बरा भाता बसू शकतो. पेटीवाले सुरांच्या ओळींना खर्ज, नर, मादी म्हणतात. खर्ज म्हणजे खालचा भारदस्त, नर मधला, मादी वरचा. भजनाला खर्ज-नर अशा दोन ओळी भरल्या की आवाज देऊळ भरून राहतो, हे खरे. पण मुलीने घरात बसून सारेगम घोकायला एकटा नर पुरे आहे. दुकानदार अशी पेटी काचेच्या कपाटात ठेवत नाही, कारण ती दिसायला काही नाही. मागावी लागते. "एका ओळीची, कपलर नको, सूर चांगले द्या" एवढे म्हणा. नसेल तर तो मागवून देईल, नाहीतर दुसरा देईल.

सूर कुठले, हेही विचारा. एके काळी जर्मनीचे आणि पॅरिसचे सूर यायचे, जुने वाजवणारे अजून त्यांची नावे काढतात. आता बहुतेक सूर आपल्याकडचेच, आणि गुजरातेतल्या पालिताण्याचे त्यात मोठे नाव. नाव सांगून कुणी काहीही विकतो हे मात्र ध्यानात ठेवा. शेवटी कानाने ऐकायचे. पॅरिसचे नाव निघालेच आहे तर सांगतो, ही पेटी मुळात तिकडचीच. अलेक्झांडर दबॅं नावाच्या माणसाने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारायची. आपल्या संगीत नाटकांत पायपेटी होती, तिच्याच कुळातली. खाली बसून हाताने भाता मारायची पेटी घडवण्यात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांचे नाव घेतात. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बंदी केली आणि १९७१ साली ती उठली, तीही पुरती नाही. आक्षेप असा होता की पेटीचे सूर ठोकलेले, त्यांत मींड नाही, आपल्या श्रुती नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. पण तेवढ्या वर्षांत गावोगावच्या देवळांत पेटी वाजतच होती, तिथे रेडिओचा हुकूम चालत नव्हता.

आता दुकानात गेल्यावर काय करायचे ते सांगतो. एकटे जाऊ नका. गावात पेटी वाजवणारा कुणी असेल तर त्याला गाडीभाडे देऊन न्या. ते भाडे वसूल होते. मुलीलाही न्या. तिच्यासाठी घ्यायची आणि तिलाच घरी ठेवायचे, हे आपल्याकडे फार चालते.

पहिला भाता. सगळ्या खुंट्या बंद करा आणि भाता मारा. आतला भाता भरला की मागचा भाता हाताला अडला पाहिजे, ढकलला तरी सहज जाता कामा नये. पेटी मारतच राहिली आणि भाता लोण्यासारखा आत जात राहिला, तर हवा कुठूनतरी पळते आहे. मग खुंट्या उघडा, पण एकही पट्टी दाबू नका. भाता मारा. काही वाजले नाही पाहिजे. एखादा सूर आपला आपण गुणगुणत असेल, तर तिथली पट्टी नीट बसत नाही. त्यानंतर भाता पूर्ण भरून एक पट्टी दाबून धरा आणि मनात आकडे मोजा. हेच शेजारच्या दुसऱ्या पेटीवर करा. जिचे आकडे जास्त भरतील तिचा दम चांगला.

मग पट्ट्या. डावीकडून उजवीकडे एकेक, अगदी हळू दाबा. दाबलेली प्रत्येक पट्टी पटकन वर आली पाहिजे. बोटाने आडवी हलवून पाहा, शेजारणीला घासते का बघा. भाता न मारता पटपट बोटे फिरवा आणि नुसती खडखड ऐका. थोडी असणारच, बैलगाडीसारखी नको.

आणि सूर. इथेच मी फसलो, म्हणून इथे घाई करू नका. मधला सा आणि वरचा सा एकदम दाबा. दोन्ही मिळून एकच सरळ रेघ ऐकू आली पाहिजे. आवाज वाँव-वाँव असा लाटा मारत असेल, तर दोघांतला एक खोटा. असे बाराही सुरांचे करा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे, पैसे तुमचे आहेत. आता तर मोबाईलमध्ये सूर दाखवणारी अॅप फुकट मिळतात, पट्टी दाबली की काटा चढ-उतार दाखवतो. मुलीला ते पाच मिनिटांत जमेल. १९८१ साली माझ्या खिशात तसले काही असते तर! मुलगी ज्या पट्टीत गाते, त्या पट्टीचे सातही सूर दोनदोनदा तपासा. बायकांचा गळा बहुधा काळी चार, काळी पाचच्या आसपास असतो. पण तिचा कुठे आहे ते बाईंना विचारून जा.

शेवटी पेटी उघडून दाखवायला सांगा. पितळी पट्ट्या स्क्रूने घट्ट बसवलेल्या आहेत का, कोऱ्या लाकडाला भेगा आहेत का, ओला वास येतो का, ते बघा. जो उघडून दाखवायला का-कू करतो, त्याच्याकडची घेऊ नका. मोबाईलवर फोटो बघून घरपोच मागवण्याचा तर विचारही नको. फोटोला आवाज नसतो, आणि टेम्पोतून आदळत आलेल्या पेटीचे सूर जागेवर राहतीलच असे नाही.

घेताना दुकानदाराशी एक बोली करून ठेवा: सहा महिन्यांनी एकदा सूर मिळवून द्यायचे, फुकट किंवा ठरलेल्या पैशात. ते पैसे किमतीतच धरा. सातची पेटी असेल तर तुमच्या मनात आठ-साडेआठ पाहिजेत. नवी पेटी पहिल्या पावसाळ्यानंतर सूर मिळवून न घेता वापरली, तर आमच्या घरी झाले तेच होईल.

याहून एक बरी वाट आहे, आणि मला विचाराल तर तुम्ही आधी तीच धुंडाळा. जुनी पेटी. गावोगावी देवळाच्या माळ्यावर, जुन्या शिक्षकांच्या घरी, एखाद्या बंद पडलेल्या भजनी मंडळाच्या फडताळात पेट्या धूळ खात पडल्या आहेत. लाकूड चाळीस-पन्नास उन्हाळे खाऊन वाळलेले, आता ते फारसे फुगत नाही की आटत नाही. पितळ बसलेले. बिघडलेले असते ते चामडे, कापड, बनातीच्या पट्ट्या, स्प्रिंगा. आणि हे सगळे बदलता येते. शेजारच्या गावच्या मंडळाने मागच्या वर्षी अशी एक पेटी काढली. भात्यात उंदरांनी संसार थाटला होता, तीन सूर मुके होते. कारागिराने उघडून पाहिले तर मुक्या सुरांत नुसता कचरा अडकलेला. त्याने कागदाची पातळ पट्टी जिभेखालून फिरवली, तिघे बोलू लागले. भाता नवा केला, सूर मिळवले. त्यांचा सगळा खर्च तुमच्या सात हजारांच्या आत बसला, आणि तिचा आवाज ऐकून मी आमच्या लाल पेटीची आठवण काढली. जुन्या पेटीत एकच बघायचे: सुरांची फळी चिरलेली नको, आणि जिभा मोडलेल्या फार नकोत. आणि विकत घेण्याआधी कारागिराला दाखवा, नंतर नाही.

कॅसिओ म्हणतात तो विजेवरचा कीबोर्ड घ्यावा का, असेही काहीजण विचारतात. त्याचा सूर उतरत नाही, हा मोठा गुण. पण साध्या कीबोर्डवर पेटीचा श्वास नाही, आणि भाता सांभाळायची सवय हाताला लागत नाही. पेटी मिळेपर्यंत मात्र एक गोष्ट आजच करता येईल. मोबाईलवर तंबोऱ्याचे सूर फुकट मिळतात. ते लावून मुलीला रोज पहाटे अर्धा तास सा लावायला बसवा. दिंडीत वीणा आणि टाळ-पखवाजावर लोक पंढरीपर्यंत गातात, त्यांचे पेटीवाचून काही अडत नाही. तुमच्या मुलीचेही दोन-चार महिने अडणार नाही.

पेटी घरात आली की तिला जमिनीवर ठेवू नका, पाटावर ठेवा. चुलीपासून आणि ओल्या भिंतीपासून लांब. आत डांबरगोळ्यांची पुरचुंडी टाका, पण सुरांना लागेल अशी नको. वर आरतीचे ताट, तेलाची वाटी, पाण्याचा तांब्या कुणालाही ठेवू देऊ नका. आमच्या देवळातल्या पेटीच्या दोन पट्ट्या निव्वळ कुंकवाने चिकटल्या होत्या. आणि ती रोज वाजू दे. बंद पेटी लवकर बिघडते.

मालकांना सांगा, वाद आठ दिवस थांबवा. तेवढ्यात आसपासच्या चार गावांत जुन्या पेटीची चौकशी करा. भजनी मंडळाच्या बायकांना विचाराल तर लवकर पत्ता लागेल. मिळाली नाही, तर एका ओळीची साधी पेटी घ्यायला तिघे मिळून तालुक्याला जा, वर सांगितले तसे सगळे करून बघा, आणि मुलीच्या पट्टीतला गंधार एकदा माझ्यासाठी म्हणून जास्तीचा तपासा. काय ठरले ते कळवा. पेटी उघडल्यावर आत काय दिसले, तेही लिहा.